दरवर्षी कोरी होणारी प्रयोगशाळा

विद्यापीठातल्या माहिती व्यवस्थापन विभागाची पाहणी करायला समिती येते, तेव्हा प्रयोगशाळेविषयी तिचा पहिला प्रश्न ‘संगणक किती?’ हा असतो. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत विद्यार्थी आणि संगणक यांचे गुणोत्तर हा स्वतंत्र मुद्दा असल्यामुळे विभागही त्याच उत्तराची तयारी ठेवतात. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, पुढे केले जाते, खोलीचे छायाचित्र अहवालाला जोडले जाते आणि प्रयोगशाळेचा विषय तिथेच संपतो. त्या संगणकांवर वर्षभर काय घडले, आधीच्या तुकडीने केलेल्या कामाचे पुढे काय झाले, त्या कामाचा खोलीबाहेर कोणाला उपयोग झाला का, हे प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या मते माहिती व्यवस्थापनाच्या शिक्षणात आणि संशोधनात आज जे दुबळेपण दिसते, त्याचे एक मोठे कारण हे न विचारलेले प्रश्न आहेत. या विषयाची प्रयोगशाळा संगणकांच्या संख्येवर उभी राहत नाही. टिकून राहणारा, खरा, वापरात असलेला संग्रह हा तिचा पाया आहे आणि आपण नेमका तोच तिला दिलेला नाही.

प्रात्यक्षिकाचा तास कसा चालतो, ते बाह्य परीक्षक म्हणून जाणाऱ्या कोणालाही पाठ झालेले असते. ‘कोहा’ ही न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली, ग्रंथालयाचा कारभार चालवणारी मुक्त प्रणाली बहुतेक ठिकाणी बसवलेली असते, आणि ती चांगलीच आहे. विद्यार्थी तालिकीकरणाचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचा, भाग उघडतो, एखाद्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाचा आयएसबीएन टाकतो, ग्रंथालयांनी एकमेकांच्या नोंदी शोधण्या-घेण्यासाठी ठरवलेल्या झेड ३९.५० या संकेताच्या मार्गाने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली तयार नोंद उतरवून घेतो, ती जतन करतो आणि पडद्याचे चित्र छापून जर्नलमध्ये चिकटवतो. अशा दहा नोंदी झाल्या की प्रात्यक्षिक पूर्ण होते आणि जर्नलवर सही मिळते. परीक्षा आटोपली की पुढच्या तुकडीला ‘स्वच्छ’ प्रणाली मिळावी म्हणून त्या नोंदी पुसल्या जातात. प्रशासकाचा पासवर्ड एकतर प्रणाली बसवून देणाऱ्या कंत्राटदाराकडे असतो किंवा विभागातल्या एखाद्याच शिक्षकाकडे. प्रणाली कशी बसवतात, बिघडली तर कशी सावरतात, एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेताना काय गळते, या गोष्टी विद्यार्थ्याच्या हाताला कधी लागतच नाहीत.

यात आळसापेक्षा मोठी अडचण आहे आणि ती विषयाच्या स्वभावातच आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक थेंब जास्त पडला तर फ्लास्कमधला रंग तिथल्या तिथे चूक सांगतो. माहितीच्या नोंदीतली चूक नोंद करताना दिसत नाही. ती कळते काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, कोणी अनोळखी वाचक काही शोधायला येतो आणि संग्रहात असलेली गोष्ट त्याला सापडत नाही तेव्हा. नोंद करणारा आणि तिचे परिणाम भोगणारा यांच्यातले हे अंतर हाच या विद्येचा खरा अभ्यासविषय आहे. दरवर्षी कोरी होणारी प्रयोगशाळा हे अंतरच नाहीसे करते. विद्यार्थी आपल्या चुकीचे फळ कधी पाहत नाही, आणि म्हणून काळजीपूर्वक केलेल्या नोंदीचे मोलही त्याला कधी कळत नाही.

मराठी पुस्तक हातात घेतले की ही गोष्ट लगेच स्पष्ट होते. मुंबईत निर्णयसागर छापखान्यात छापलेले एकोणिसाव्या शतकातले एखादे पुस्तक घ्या. मुखपृष्ठावर ‘शके १८०५’ असे असते. प्रकाशनवर्षाच्या रकान्यात काय लिहायचे? शकात ७८ मिळवून १८८३ लिहिले की काम झाले, असे पाठ्यपुस्तकी उत्तर असते. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पुस्तक पौषाच्या अखेरीस किंवा माघात निघाले असेल तर इसवी सन १८८४ उजाडलेले असते. दोन्ही वर्षे नोंदवायची, मूळ शक तसाच ठेवायचा आणि वाचकाने कोणतेही वर्ष टाकले तरी पुस्तक हाती लागेल अशी व्यवस्था करायची, हे खरे तालिकीकरण. लेखकाच्या नावाचेही तसेच आहे. ‘कुसुमाग्रज’ शोधणाऱ्याला वि. वा. शिरवाडकरांच्या नावावरची नाटके आणि कादंबऱ्या मिळाल्या पाहिजेत, आणि उलटही झाले पाहिजे. त्यासाठी अधिकृत नावांची स्वतंत्र नोंदसंहिता लागते, आणि ती एका बैठकीत होत नाही. एका तुकडीने सुरू करावी, दुसरीने तपासावी, तिसरीने वाढवावी, असे ते काम आहे.

याहून बारीक आणि अधिक त्रासदायक प्रश्न अक्षरांचा आहे. ‘ॲक्ट’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो. २००८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संगणकीय संकेतप्रणालीत, आलेले एकसंध ‘ॲ’ वापरून, किंवा साध्या ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र लिहिण्याच्याही अशाच दोन रीती प्रचलित आहेत. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ यांचे मी बोलतच नाही, तिथे निदान फरक दिसतो तरी. आणि हे सगळे युनिकोडमधल्या मजकुराविषयी झाले. त्याआधीच्या काळात श्रीलिपीसारख्या किंवा सी-डॅकच्या फाँटांत टंकित झालेल्या याद्या मुंबईतल्या कितीतरी संस्थांच्या कपाटांत आणि जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. तो विशिष्ट फाँट असेपर्यंत त्या मराठी दिसतात, तो नसला की निरर्थक रोमन चिन्हांची रास उरते, कारण आत साठवलेली होती ती चिन्हेच. अशी एक यादी युनिकोडमध्ये आणणे, आणताना कोणते जोडाक्षर कुठे मोडते याचा तक्ता करणे आणि तो पुढच्या यादीसाठी राखून ठेवणे, यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक मला सुचत नाही. तरीही ते सहसा कुठे होत नाही, कारण ते दहा नोंदींत बसत नाही आणि दोन तासांच्या तासिकेतही बसत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठी पुस्तकांच्या उत्तम नोंदी हव्या असतील तर आजही आपल्याला वॉशिंग्टनकडे पाहावे लागते. अमेरिकेच्या पीएल ४८० या अन्नधान्य मदतीच्या योजनेखाली १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तके पद्धतशीर गोळा केली आणि त्यांच्या दिल्लीतल्या कार्यालयातून ते काम पुढेही चालू राहिले. त्या नोंदी शिस्तशीर आहेत, पण त्यांचा गाभा रोमन लिप्यंतराचा आहे. मार्क २१ या नोंदरचनेत मूळ लिपीतला मजकूर देण्यासाठी ८८० क्रमांकाचे क्षेत्र असते. आपला विद्यार्थी परीक्षेत या क्षेत्राची व्याख्या बिनचूक लिहितो आणि प्रत्यक्ष नोंदीत ते रिकामे सोडतो. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ ची आहे आणि एशियाटिक सोसायटीची परंपरा १८०४ पर्यंत जाते. ज्या शहरात अशा संस्था आहेत, त्या शहरातल्या विद्यार्थ्याने इंग्रजी पाठ्यपुस्तकाची तयार नोंद उतरवून घेण्याला प्रात्यक्षिक म्हणावे, हे मला पटत नाही.

आता संशोधनाकडे वळू. बहुतेक ठिकाणी संशोधनाची खोली वेगळी असते. असली तर कुलूपबंद असते, आणि नसली तर संशोधक घरून काम करतो. शिकवण्याच्या प्रयोगशाळेशी तिचा संबंध राहत नाही. परिणाम प्रबंधांच्या विषयांत दिसतो. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आपल्या विषयाचे प्रबंध चाळले तर एक नमुना पुन्हापुन्हा भेटतो. अमुक जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या सेवा, तमुक वर्गाच्या वाचकांचे समाधान, प्रश्नावली, टक्केवारी, शिफारशी. सर्वेक्षण ही पद्धत वाईट नाही, पण एखादी विद्या बहुतांशी सर्वेक्षणावरच जगू लागली की तिच्याजवळ स्वतःची प्रयोगभूमी नाही हे उघड होते. संशोधक लोकांना ‘तुम्हाला शोधताना अडचण येते का?’ असे विचारतो. ती अडचण कुठल्या नोंदीत, कुठल्या शब्दात, कुठल्या क्रमवारीत आहे, हे तो मोजू शकत नाही, कारण मोजायला त्याच्याकडे संग्रहच नसतो.

हे मोजता येते, हे १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या वैमानिकी महाविद्यालयातल्या ग्रंथपालाने दाखवून दिले. सिरिल क्लेव्हरडन यांनी १,४०० निबंधांचा संग्रह आणि खऱ्या संशोधकांकडून मिळवलेले २२५ प्रश्न घेतले, कोणत्या प्रश्नाला कोणता निबंध उपयोगी हे माणसांकडून ठरवून घेतले आणि निरनिराळ्या निर्देशन पद्धतींची, म्हणजे शोधासाठी निबंधाला शब्द जोडण्याच्या रीतींची, त्यावर परीक्षा घेतली. निष्कर्ष त्या काळच्या तज्ज्ञांना झोंबणारा निघाला. मोठ्या कष्टाने रचलेल्या नियंत्रित शब्दावल्यांपेक्षा, म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या शब्दांच्या याद्यांपेक्षा, निबंधातल्या साध्या सुट्या शब्दांनी केलेले निर्देशन कमी तर पडले नाहीच, उलट सरस ठरले. आजची शोधयंत्रे ज्या रीतीने तपासली जातात ती रीत त्या प्रयोगातून आली आहे. भारतात २००८ पासून ‘फायर’ या उपक्रमाने भारतीय भाषांसाठी असेच संग्रह तयार केले आणि त्यात मराठी वृत्तपत्रांचा संग्रहही होता. पण त्यात पुढाकार संगणकशास्त्रवाल्यांचा राहिला. वस्तुतः कोणता लेख कोणत्या प्रश्नाला उपयोगी हे ठरवण्याचे काम माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहे. वर्गातल्या वीस जणांनी एका सत्रात प्रत्येकी थोडे प्रश्न घेऊन असा निवाडा केला, तर शिक्षण होते आणि संशोधनाची सामग्रीही तयार होते. दोघांनी एकाच लेखावर उलट निवाडा दिला की ‘उपयोगी म्हणजे काय?’ ही चर्चा वर्गात आपोआप सुरू होते. या विषयात अध्यापनाची प्रयोगशाळा आणि संशोधनाची प्रयोगशाळा यांच्यात भिंत घालणे मला अनावश्यक वाटते ते यासाठी. विद्यार्थ्याचे रोजचे काम हीच संशोधकाची सामग्री आहे आणि संशोधकाचे मोजमाप हाच विद्यार्थ्याच्या कामाचा ताळा आहे.

हा एका विभागाचा घरगुती प्रश्न आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशित करून ठेवावेत व योग्य ते अभिलेख संगणकावर आणावेत, असे पहिलेच कर्तव्य सांगितले आहे. आपण त्या कायद्याची आठवण अर्ज आणि अपिलांपुरती ठेवतो आणि हे कलम विसरतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि कागदपत्रांच्या नाशाचा प्रश्न काही दिवस तरी सर्वांच्या तोंडी होता. त्यानंतर सगळीकडे स्कॅनिंगची लाट आली. मात्र स्कॅन केलेली फाइल सापडणे ही निराळी गोष्ट आहे. ‘स्कॅन ००१’, ‘स्कॅन ००२’ अशा नावांनी हजारो पाने साठवून ठेवणे म्हणजे कागदाचा ढीग विजेच्या खर्चाने जपणे होय. विषय, दिनांक, विभाग, मूळ फाइलचा क्रमांक आणि तिच्याशी संबंधित इतर फाइली, हे सारे कोणीतरी नोंदवावे लागते. ते नोंदवणारी माणसे तयार करणे हे याच विभागांचे काम आहे.

विद्यापीठाला तर यासाठी दूर जायलाच नको. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत सर्व शाखांना एकदम लागू केली. निकाल रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या प्रकरणाची चर्चा निविदा, घाई आणि प्राध्यापकांचे प्रशिक्षण या अंगांनी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मुळाशी तो लाखो दस्तऐवजांची ओळख शेवटपर्यंत अबाधित ठेवण्याचा प्रश्न होता. कोणते पान कोणत्या उत्तरपत्रिकेचे, ती कोणत्या विषयाची, कोणत्या परीक्षकाकडे गेली आणि परत आली की नाही, हा माहिती व्यवस्थापनाचा शुद्ध प्रश्न आहे. आधी लहान प्रमाणावर, मुद्दाम चुका पेरून, अशी प्रक्रिया चालवून पाहणे हे प्रयोगशाळेचेच काम असते. विद्यापीठाच्या स्वतःच्या कारभारातली अशी एखादी प्रक्रिया प्रयोगशाळेत तपासून मगच अमलात आणायची, असा शिरस्ता असता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारायला उशीर झालेला नाही. पुढची नवी पद्धत येणारच आहे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा घेतला जातो आणि तोच सर्वांत लंगडा आहे. कोहा फुकट आहे, एमआयटी आणि एचपी यांनी २००२ साली खुले केलेले, दस्तऐवजांचा डिजिटल संग्रह सांभाळणारे डीस्पेस फुकट आहे, छापील मजकूर ओळखणारे टेसरॅक्ट फुकट आहे आणि त्यात मराठीची सोयही आहे. हे सगळे चालायला जुना संगणकही बऱ्याच वेळा पुरतो. दुसरा आक्षेप अधिक विचारात घेण्याजोगा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षण आलेच आहे, विद्यार्थी ग्रंथालयांत जाऊन प्रत्यक्ष काम करतात, मग वेगळी प्रयोगशाळा हवी कशाला? कार्यप्रशिक्षण हवेच. पण चार श्रेयांकांचे, म्हणजे एकशेवीस तासांचे, ते प्रशिक्षण संस्थेच्या गरजेने चालते. तिथे विद्यार्थ्याला देवघेवीच्या टेबलावर बसवतात किंवा शेल्फ लावायला सांगतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण चालत्या संस्थेला चुका परवडत नाहीत. प्रयोगशाळेत चूक करण्याची मुभा असते आणि ती चूक शोधून काढण्याची सक्तीही असते. या दोन्ही गोष्टी एकत्र बाहेर कुठे मिळत नाहीत.

तिसरा आक्षेप सध्याच्या हवेतला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता नोंदी करील, मग माणसांना हे शिकवायचे कशाला? ती नोंदी करीलही, आणि झपाट्याने करील. पण ‘शके १८०५’चे तिने काय केले आणि एकाच नावाच्या दोन लेखकांना तिने एक तर करून टाकले नाही ना, हे तपासायला माणसांनी आधी तपासून ठेवलेला नमुना संग्रह लागेल. तो नसेल तर विक्रेता सांगेल ती अचूकता खरी मानावी लागेल. मराठीसाठी असा तपासणी संग्रह कोणी करायचा, याचे उत्तर मला तरी विद्यापीठांच्या या विभागांपलीकडे दिसत नाही.

खऱ्या संग्रहाबरोबर खऱ्या माणसांची माहिती येते, ही जबाबदारी मात्र हलकी नाही. सभासदांच्या देवघेवीच्या नोंदी, पत्ते, जुन्या अर्जांवरची जात आणि मिळकतीची माहिती विद्यार्थ्यांच्या पेन ड्राइव्हवर जाता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. ओळख पुसून मगच सामग्री वापरायची, कोणी काय पाहिले याची नोंद ठेवायची आणि देणाऱ्या संस्थेशी लेखी करार करायचा, हे नियम अभ्यासक्रमाचाच भाग व्हावेत.

सुरुवात लहान असली तरी चालेल. गिरगाव, दादर, परळ, पार्ले या भागांत जुनी सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांच्याकडे पुस्तके आहेत, दमट हवेत पिवळ्या पडलेल्या दाखल नोंदवह्या आहेत, पण नोंदी करायला माणसे नाहीत. विभागाकडे माणसे आहेत, संग्रह नाही. एका ग्रंथालयाशी पाच वर्षांचा करार करून त्याची मराठी नोंदसूची विभागाच्या सर्व्हरवर उभी करावी, वाचकांना ती खुली करावी आणि वाचकांनी काय शोधले व काय सापडले नाही याची निनावी नोंद ठेवावी. न सापडलेल्या शोधांची ती यादी हेच पुढच्या तुकडीचे पहिले प्रात्यक्षिक. पेपरमध्ये मार्क २१ ची व्याख्या विचारण्याऐवजी मागच्या तुकडीच्या अमुक नोंदीत काय चुकले आणि ते कसे दुरुस्त केले, हे बाह्य परीक्षकाने तोंडी परीक्षेत विचारावे. जर्नलमध्ये पडद्याची चित्रे चिकटवण्यापेक्षा दुरुस्त्यांचा इतिहास पाहावा. प्रणाली तो ठेवतेच.

यातले एकच काम विभागाच्या हातचे नाही आणि सगळे अडते ते तिथे. असा सर्व्हर वर्षानुवर्षे चालू ठेवायला कायमस्वरूपी तांत्रिक माणूस लागतो. रसायन किंवा भौतिकशास्त्राच्या विभागात प्रयोगशाळा सहायकाचे पद असते आणि त्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. माहिती व्यवस्थापनाच्या विभागाने ते मागितले की ‘तुम्हाला कशाला?’ अशी विचारणा होते. तासिका तत्त्वावरचा शिक्षक मे महिन्यात जातो, जूनमध्ये दुसरा येतो, आणि पासवर्डाबरोबर संग्रहाची स्मृतीही जाते. विद्यापीठाने आणि शासनाच्या उच्च शिक्षण विभागाने नव्या संगणकांच्या निधीआधी हे एक पद मंजूर करावे, आणि पुढच्या पाहणी समितीने डेड स्टॉक रजिस्टर मिटवून तीन वर्षांपूर्वीच्या तुकडीची एक नोंद उघडून दाखवायला सांगावे.